एका दुपारचा भात, चंद्राच्या वाटेवर

शंभर ग्रॅम तांदूळ. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या पोषण आहारात रोज तेवढा ठरलेला आहे. सहावी ते आठवीला दीडशे ग्रॅम. ओंजळीत घ्या, ओंजळही भरत नाही. आता दाणे मोजू. साधारण 5,000 भरतील. दाणा 6 मिलिमीटरचा धरा आणि एकामागे एक मांडत चला. ओळ किती लांब जाईल? तब्बल 30 मीटर! रेल्वेचा प्रवासी डबा असतो 23 मीटरच्या आसपास. म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या केडगाव स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीचा एक अख्खा डबा ओलांडून ही ओळ पुढच्या डब्यात शिरते. आणि हे झालं एका लेकराचं, एका दुपारचं!

वर्षाचे शाळेचे दिवस 220 धरले, तर पहिलीत आलेलं मूल आठवी होईपर्यंत 209 किलो तांदूळ खातं. पन्नास किलोची चार पोती, वर नऊ किलो.

केडगावाला असले आकडे नवे नाहीत. इथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली इथे, दौंड तालुक्यातल्या या गावात आणल्या. 1900 च्या सुमारास मुक्ती मिशनमध्ये दीड हजारांवर माणसं राहत होती. दीड हजार माणसं, दोन वेळचं जेवण, 365 दिवस. करा गुणाकार: 10 लाख 95 हजार ताटं! वर्षाला जवळजवळ अकरा लाख, तेही गॅस नव्हता, मिक्सर नव्हता त्या काळात. माझ्या मते पुणे जिल्ह्याच्या इतिहासातला हा सर्वांत थोर आकडा आहे, आणि तो शाळेच्या पुस्तकात यायला हवा.

आता आजचा उन्हाळा घेऊ. शाळेला सुट्टी लागली की पोषण आहारालाही सुट्टी, असाच रिवाज होता. 20 एप्रिल 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना हे जेवण द्या. 2016 च्या दुष्काळात न्यायालयाने तेच पुन्हा बजावलं. महाराष्ट्राने 2018 साली 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, 2023 साली 40 तालुक्यांत. दोन्ही याद्यांत दौंड आहे, शिरूरही आहे.

सुट्टीतले जेवणाचे दिवस 35 धरू आणि शंभर मुलांची शाळा घेऊ. तांदूळ 350 किलो, म्हणजे सात पोती. डाळ 70 किलो, भाजी 175 किलो, तेल साडेसतरा किलो. ताटं 3,500. प्रत्येक मुलाच्या पोटात सुट्टीभरात 15,750 कॅलरी आणि 420 ग्रॅम प्रथिनं. सकाळी स्वयंपाकी ताई काट्यावर तांदूळ मोजून घेतात, खिचडी उतरली की कोणीतरी चाखतं आणि चव रजिस्टरात नोंद होते, मग मुख्याध्यापक किती मुलं जेवली तो आकडा मोबाइलवर भरतात. हा शेवटचा आकडाच खरा. पातेलं कितीही मोठं असो, पंगतीला किती बसले त्यावर सगळं ठरतं.

आणि बसणार कसे? इथला शेतकरी गावठाणात कमी आणि वस्तीवर जास्त. समजा वस्ती शाळेपासून पावणेतीन किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन साडेपाच. गुणिले 35 दिवस. उत्तर येतं 192 किलोमीटर, म्हणजे रेल्वेने मुंबई ते पुणे! सात वर्षांचं पोर, मे महिन्याचं ऊन, वर्गात तास नाही, बाई शिकवायला नाहीत, निम्मे सवंगडी मामाच्या गावाला गेलेले, आणि एका ताटासाठी त्याने मुंबईहून पुण्यापर्यंत चालायचं. पोरं येत नाहीत म्हणून त्यांना भूक नाही, असं म्हणणाऱ्याने हे अंतर एकदा चालून पाहावं.

आता आकडा राज्याचा करू, दम धरा. महाराष्ट्रात या योजनेत एक कोटीच्या आसपास मुलं आहेत. एका दुपारी, लहानग्यांच्या मापानेच, दहा लाख किलो तांदूळ. वीस हजार पोती. साठ टनांच्या सतरा वाघिणी, रोज! राज्यभर 35 दिवस सुट्टीत जेवण द्यायचं म्हटलं तर 42 वाघिणींच्या चौदा मालगाड्या लागतील. शिजवायला, धुवायला, प्यायला मुलामागे दोनच लिटर पाणी धरा. झाले दोन कोटी लिटर. वीस फूट व्यासाच्या, तेहतीस फूट पाणी असलेल्या जवळजवळ सत्तर विहिरी एका दुपारी तळाला जातील. टँकरने आणायचं तर दहा हजार लिटरचे दोन हजार टँकर! प्रत्येकाला बसायला अर्धा मीटर जागा दिली तर पंगत 5,000 किलोमीटर लांब, मुंबई-पुणे सव्वीस वेळा. आणि ते दाणे? एक कोटी मुलं गुणिले तीस मीटर, म्हणजे तीन लाख किलोमीटर. चंद्र आहे 3 लाख 84 हजारांवर. महाराष्ट्राचा एका दुपारचा भात तीन चतुर्थांश वाट चालून जातो! साऱ्या देशाची 11 कोटींहून अधिक मुलं धरली, तर ओळ चंद्रावर चार वेळा जाऊन-येऊनही उरते. एका दुपारी!

या जेवणाने काय साधतं, तेही मोजून झालं आहे. आंध्र प्रदेशातल्या मुलांच्या वाढीवर 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की दुष्काळाने झालेली वाढीची तूट शाळेच्या जेवणाने भरून निघाली.

पण सुट्टीत जेवायला किती मुलं येतात? हे अमेरिकेत दर उन्हाळ्यात मोजतात. तिथे शाळा चालू असताना फुकट किंवा सवलतीत जेवणाऱ्या शंभर मुलांमागे सुट्टीत जेवायला येणारी मुलं पंधराच्या आसपास भरतात. एवढा श्रीमंत देश, आणि पंच्याऐंशी जागा रिकाम्या! म्हणून 2024 पासून तिथल्या बहुतेक राज्यांनी सुट्टीपोटी मुलामागे 120 डॉलर थेट कार्डावर द्यायला सुरुवात केली. तेच प्रमाण आपल्या पंगतीला लावून पाहा. 5,000 किलोमीटरपैकी 4,250 किलोमीटर रिकामे.

आणि खर्च? धान्य सरकारी गोदामातून येतं. बाकी डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधनाला मे 2025 पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे ठरलेत. शंभर मुलं, 35 दिवस, 23,730 रुपये. एका बऱ्या मोबाइलची किंमत.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत असाल, ग्रामपंचायतीत असाल, तर पुढच्या उन्हाळ्यात तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला की तीन गोष्टी करा. सुट्टीत चूल पेटते का ते पाहा. रोज किती मुलं जेवली तो आकडा मागा आणि पटाशी ताडून फळ्यावर लिहायला लावा. आणि लांबच्या वस्तीवरची पोरं येत नसतील तर दुपारी एक दुचाकी काढून डबा तिकडे पोचवा. पावणेतीन किलोमीटरला दुचाकीला दहा मिनिटंही लागत नाहीत.