बिऱ्हाड चाकांवर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याला एके ठिकाणी स्थिर राहावयाचे नाही, त्याने संसार थोडका ठेवावा आणि तो आपल्याबरोबर नेता येईल असा ठेवावा, हे शहाणपण फार जुने आहे. गाडीलोहारांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीच्या आश्रयाने राहत आली. बैलांची जागा इंजिनाने घेतली, तेव्हा युरोपातील हौशी माणसांच्या मनात हीच कल्पना नव्या रूपाने आली. माल वाहणारी बंद मोटारगाडी, म्हणजे व्हॅन, घ्यावी. तिच्या पोटात बिछाना, चूल व पाण्याची टाकी बसवावी. आणि जेथे सूर्य मावळेल तेथे मुक्काम करावा.

जर्मनीतील फोक्सवागन कारखान्यातून १९५० साली डबीच्या आकाराची एक लहानशी व्हॅन बाहेर पडू लागली. तिचे इंजिन मागच्या बाजूस असे आणि त्याची शक्ती अवघी २५ अश्वशक्ती. वेस्टफालिया नावाच्या कंपनीने लवकरच तिच्यासाठी घरगुती सामानाची एक पेटी तयार केली. आठवडाभर गाडीतून माल न्यावा, सुटीच्या दिवशी पेटी आत ठेवावी की गाडीचे झाले घर. सोमवारी पेटी बाहेर काढावी की गाडी पुन्हा कामावर हजर! इंग्लंडमध्ये फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर कंपनीने बेडफर्ड व्हॅनला घराचे रूप दिले व तिचे नाव ‘डॉर्मोबिल’ असे ठेवले. पुढे तेथे अशा कोणत्याही गाडीला लोक याच नावाने ओळखू लागले.

१९६० व १९७० च्या दशकांत अशा कित्येक गाड्या तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून थेट भारतात येत. त्यांतील काही गोव्यात हणजुणे, कळंगुट येथील किनाऱ्यांवर हिवाळाभर मुक्काम करीत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद झाला.

गाड्यांचे वेड मात्र ओसरले नाही. आज ब्रिटनमध्ये अनेक लोक जुनी मालवाहू व्हॅन विकत घेतात आणि करवत, कानस व पाना हाती घेऊन स्वतःच तिचे घर करतात. असे घर पाहावयास गेलेल्या माणसाचे लक्ष प्रथम घडीच्या खाटेकडे, नेटक्या कपाटांकडे, खिडकीच्या पडद्यांकडे जाते. सुतारकाम ज्याला थोडेबहुत येते, त्याला या वस्तू करणे अवघड नाही. परंतु गाडी राहण्याजोगी झाली की नाही, हे त्यांवरून ठरत नाही. ते ठरते बाष्प, वायू, विजेचा प्रवाह आणि वजन यांवरून. आणि यांपैकी एकही डोळ्यांना दिसत नाही.

गार पाण्याने भरलेल्या तांब्याच्या बाहेरच्या अंगाला थेंब जमतात, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. तांब्या पाझरत नाही; हवेतील बाष्प थंड धातूला लागताच त्याचे पाणी होते. व्हॅन हा असाच एक मोठा तांब्या आहे. फरक एवढाच, की येथे थंडी बाहेर असते आणि बाष्प आत. दोन माणसे रात्रभर आत निजली, तर त्यांच्या श्वासातून व घामातून सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत मिसळते. स्वयंपाकाची भर वेगळीच. एक किलोग्रॅम प्रोपेन वायू जळला, की त्यापासून दीड किलोग्रॅमहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. भांड्यातून निघणारी वाफ त्यात धरलेलीच नाही. हे सारे पाणी थंड पत्र्याच्या आतल्या अंगावर जमते, ओघळते आणि फळ्यांच्या मागे मुरते. पहिल्या हिवाळ्यात काही कळत नाही. पुढे अंथरुणाला कुबट वास येऊ लागतो, आणि एखादी फळी उचकटून पाहावी, तो मागचा पत्रा गंजलेला!

म्हणून जाणता माणूस कपाटांना हात लावण्यापूर्वी पत्रा आणि आतील फळ्या यांच्यामध्ये जाड थर भरतो. कोणी मेंढीची लोकर भरतो, कोणी फेसाळ रबराचे पत्रे चिकटवतो. या दोहोंमध्ये असंख्य लहान पोकळ्यांत हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेली हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे आतील पृष्ठभाग उबदार राहतो व त्यावर थेंब धरत नाहीत. तरीही बाष्पाला बाहेर जाण्यास वाट ही हवीच. ती वाट म्हणजे टपातील पंखा, आणि नवी हवा आत येण्यासाठी खालच्या बाजूस एक झरोका.

पंख्यासाठी टपाला सुमारे ४० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी भोक पाडावे लागते. धडधाकट गाडीच्या टपाला करवत लावताना भल्याभल्यांचा हात थरथरतो. भोक पाडल्यावर कापलेली कड कानशीने घासतात, तिला गंजरोधक रंग देतात आणि तो पूर्ण वाळल्यावरच पंखा बसवतात. आणखी एक बारीक गोष्ट आहे. कापताना उडालेला लोखंडाचा कीस टपावर पडून राहिला, तर थोड्याच दिवसांत तो गंजतो आणि रंगावर तांबूस ठिपके उमटतात. यास्तव कापण्यापूर्वी खाली कापड अंथरतात व नंतर कण न्‌ कण पुसून काढतात.

वायूच्या बाबतीत चुकीला क्षमा नाही. प्रोपेन व ब्यूटेन हे दोन्ही वायू हवेहून जड असतात. नळी गळू लागली, तर ते वर न जाता पाण्यासारखे तळाशी साचतात, आणि मग एक ठिणगी पुरे होते. म्हणून वायूची टाकी स्वतंत्र, घट्ट बंद कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक ठेवतात. दुसरे संकट याहून फसवे आहे. ज्वलनाला पुरेशी हवा मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निजलेला माणूस त्याने जागाही होत नाही. थंडी वाजते म्हणून खिडक्या लावून आत शेगडी घेणे हे याच कारणाने प्राणघातक ठरते, मग ती शेगडी विझत आलेली का असेना. या वायूची चाहूल लागताच कर्कश आवाज करणारे छोटे यंत्र मिळते. ते लावल्यावाचून कोणीही अशा गाडीत झोपू नये.

विजेची गोष्ट थोडी गणिताची आहे. घरातील वीज २३० व्होल्टची, तर गाडीतील बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. १००० वॅटची किटली घरात चालवली, तर तारेतून चार अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह वाहतो. तितकीच शक्ती १२ व्होल्टवर घ्यावयाची, तर प्रवाह ८३ अँपिअर होतो! बारीक तारेतून एवढा प्रवाह सोडला, तर ती तापते, वरचे आवरण वितळते आणि पाठीमागची फळी पेट घेते. म्हणून तारा जाड घेतात आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवतात. तो दूर बसवला, तर मधली तार बिनसंरक्षित राहते. शिवाय बॅटऱ्या दोन असाव्या लागतात, एक इंजिन सुरू करण्यासाठी आणि दुसरी घरासाठी. इंजिन चालू असेतो दोन्ही भरतात, ते बंद होताच एक स्विच त्यांना वेगळे करतो. अन्यथा रात्री दिवे जाळावेत आणि सकाळी गाडी जागची हलू नये, असे व्हावयाचे. घराची बॅटरी शिशाची व १०० अँपिअर-तासांची असेल, तर ती टिकावी म्हणून निम्मीच वापरतात. दोन अँपिअर घेणारा पंखा त्यावर २५ तास चालेल. किटलीला चुलीवाचून गती नाही.

उरले वजन. अशा कित्येक व्हॅनची भारासह कमाल मर्यादा ३५०० किलोग्रॅम असते, आणि मोठी व्हॅन रिकामीच दोन हजारांच्या आसपास भरते. बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची एक पूर्ण फळी सुमारे २० किलोग्रॅम, ७० लिटर पाणी म्हणजे ७० किलोग्रॅम. हौसेला मोल नसले तरी वजन असते. वजन कोठे ठेवले, यालाही महत्त्व आहे. बैलगाडीत मागे फार भार झाला, की ती उलाळ होते, हे खेड्यातील मुलांना सांगावयास नको. व्हॅनच्या मागील चाकांच्याही मागे जड वस्तू भरल्या, तर पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर गाडी नीट वळत नाही. म्हणून पाण्याची टाकी व बॅटऱ्या दोन्ही आसांच्या मध्ये आणि जमिनीलगत ठेवतात.

कायद्याकडेही पाहावे लागते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असे बदल मालकाला मनास येतील तसे करता येत नाहीत; नोंदणी कार्यालयात आधी चौकशी करावी लागते.

काम पुरे झाले, की गाडी भरल्या टाकीनिशी वजनकाट्यावर नेतात. पहिली रात्र मात्र दूर कोठे डोंगरात काढीत नाहीत; गाडी स्वतःच्या घराच्या दारातच उभी करून आत निजतात. सकाळी उठून काचांवर किती पाणी धरले आहे ते पाहतात, सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासतात, आणि पुन्हा पाना हाती घेतात.