सातवी लेन

मे महिना, बंगळुरू, आणि अंगात स्वेटर, कानाला मफलर. कोल्ड रूमचं जाड दार खांद्याने ढकलत माझी मैत्रीण बाहेर येते आणि तिच्या चष्म्यावर क्षणात वाफ धरते. आत चार अंश सेल्सिअस. संध्याकाळपासून तिचं आतबाहेर चाललंय. हातात बर्फाची बादली, बर्फात खोचलेल्या इवल्याशा ट्यूब, प्रत्येकीच्या टोपणावर काळ्या मार्करने घातलेला नंबर.

"काहीतरी उतरलंय," ती म्हणते. "काय उतरलंय ते जेलवर कळेल."

रात्रीचे साडेदहा. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणजे इथल्या जुन्या रिक्षावाल्यांच्या तोंडी अजूनही 'टाटा इन्स्टिट्यूट'. माझा विभाग गणिताचा. या लॅबमध्ये माझं काहीच काम नाही. एखादं प्रमेय अडून बसलं की मी इथल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसते. तिला मराठी बोलायला कोणीतरी मिळतं, मला फळ्यापासून सुटका मिळते.

तिला हवंय क्षयाच्या जंतूतलं एक प्रथिन, वजन सुमारे २७ किलोडाल्टन. क्षयाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो आणि घातकही आहे, म्हणून त्याचा जीन साध्या ई. कोलाय जिवाणूत घालून प्रथिन त्याच्याकडून बनवून घ्यायचं. प्रथिनाच्या शेपटाला हिस्टिडीनचे सहा मणी जोडलेले असतात. निकेल असलेल्या निळसर कॉलममधून जिवाणूंचा सगळा रस सोडला की हे सहा मणी निकेलला धरून राहतात, बाकीचं वाहून जातं. मग इमिडॅझोल ओतून धरलेलं सोडवून घ्यायचं. कागदावर हे एका दिवसाचं काम आहे. तिचं हे पीएच.डी.चं चौथं वर्ष. प्रथिन बनतं, पण जिवाणूच्या आतच त्याची गुठळी होते आणि गुठळीचा कोणालाच उपयोग नसतो. तिने तापमान सदतीसवरून सोळावर आणलं, जिवाणूंची जात बदलली, मिठाचं प्रमाण बदललं. आज पहिल्यांदाच कॉलममधून काहीतरी बाहेर आलंय.

ती नमुन्यांत निळं द्रावण मिसळते. त्यातल्या मर्कॅप्टोइथेनॉलचा सडक्या अंड्यासारखा दर्प पसरतो, पण कोणी मान वर करत नाही. पंचाण्णव अंशांवर पाच मिनिटं उकळणं, मग पिपेटने जेलच्या एकेका खाचेत भरणं. पहिल्या लेनमध्ये ठरावीक वजनांच्या प्रथिनांचा मार्कर, पुढे जिवाणूंचा पूर्ण रस, वाहून गेलेला भाग, धुतलेला भाग, पाच आणि सहामध्ये आज उतरलेलं प्रथिन. सातव्या खाचेपाशी तिचा हात थांबतो. ती बादलीतून वेगळी ठेवलेली ट्यूब काढते.

"हे काय?"

"रिकामा प्लास्मिड घातलेले जिवाणू. यांच्यात माझा जीनच नाही. बाकी सगळं तेच केलंय, तोच कॉलम, तेच धुणं."

म्हणजे आजचं सगळं काम तिने दोनदा केलंय. एकदा प्रथिनासाठी, एकदा प्रथिन नसताना काय दिसतं ते पाहण्यासाठी. एकशेवीस व्होल्ट लागतात, निळी रेघ खाली सरकू लागते. दीड तास तरी जाणार.

मधल्या वेळात लॅबला कंठ फुटतो. केरळची ज्युनियर पहिल्या वर्षाला आहे. तिची कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा अजून व्हायचीय, म्हणून ती प्रत्येकाला तीत काय विचारतात ते विचारत फिरते. बंगालचे सीनियर थीसिस लिहितायत. कलोकियम झालं, थीसिस सादर व्हायचाय, तोवर ते रोज एका आकृतीच्या अक्षरांचा आकार बदलतात. बोलता बोलता गाडी फेलोशिपवर येते. २०२३च्या जानेवारीपासून जेआरएफ ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, एसआरएफ ३५ वरून ४२. त्यासाठी देशभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांना आवाज उठवावा लागला होता. सीनियर दोन्ही रकमांवर जगलेत. वाढलेली रक्कमही कमी आहे असं मला वाटतं आणि मी ते स्पष्ट म्हणते. अठ्ठावीस-तीस वर्षांचा माणूस असतो, घरी पैसे पाठवायचे असतात, आणि त्याच्या बरोबरीचे मित्र याच शहरातल्या कंपन्यांत घराचे हप्ते फेडत असतात.

मैत्रिणीला इचलकरंजीहून आईचा फोन येतो.

"जेवलीस का गं?"

"हो आई, मेसमध्ये."

"आणि ते तुझं... कधी होणार?"

"होतंय."

आई पुढे विचारत नाही. लग्नाचा विषयही आज निघत नाही. फोन ठेवल्यावर मैत्रीण म्हणते, "चल, चहा पिऊन येऊ. इथे बसून रेघ लवकर सरकायची नाही."

बाहेर पाऊस नुकताच थांबलाय. रस्त्यावर गुलमोहराच्या पाकळ्या चिकटून बसल्यात. या वेळीही खिडक्यांत दिवे आहेत, सायकलींची ये-जा आहे. मुख्य इमारतीचा दगडी मनोरा आणि पुढ्यात संस्थेचं स्वप्न पाहणाऱ्या जमशेटजी टाटांचा पुतळा. संस्था १९०९ साली स्थापन झाली तेव्हा ते हयात नव्हते, १९०४ सालीच गेले. म्हैसूरच्या राजघराण्याने ३७१ एकर जमीन दिली, तिच्यावरून आम्ही चालतोय.

इथून जाताना आम्हा दोघींना दर वेळी कमला भागवत आठवतात. लेखिका दुर्गा भागवतांची बहीण, पुढे लग्नानंतर कमला सोहोनी. वडील आणि काका दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबईची बी.एस्सी. उत्तम गुणांनी होऊन ती इथे प्रवेश मागायला आली आणि संचालक सर सी. व्ही. रमण यांनी नकार दिला, कारण ती मुलगी होती. ती हटली नाही. शेवटी प्रवेश मिळाला तो अटीवर: वर्षभर परीक्षा म्हणून काम करायचं, संचालकांचं समाधान झालं तरच ते काम धरलं जाणार. रमण यांच्या भौतिकशास्त्रापुढे मी नतमस्तक आहे, पण ही अट अन्यायाची होती आणि नोबेलच्या तेजाने ती झाकली जाऊ नये. कमलाबाईंनी वर्षभर दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. रमण यांना मान्य करावं लागलं आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडलं. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. तिथे त्यांनी बटाट्यात सायटोक्रोम-सी शोधलं होतं.

"त्यांचीही प्रथिनंच," मैत्रीण चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणते. "कोल्ड रूम नाही, निकेलचा कॉलम नाही. आणि डोक्यावर ती अट." थोडं थांबून म्हणते, "मला निदान कोणी म्हणत नाही, की तू मुलगी आहेस म्हणून हे होत नाहीये."

परत येतो तेव्हा निळी रेघ तळाशी पोचलेली आहे. ती काचा उकलते. मधून निघालेलं जेल ओल्या पापडासारखं पातळ, बोटांतून सुटेल असं. ते कूमॅसीच्या निळ्या द्रावणात जातं, अर्ध्या तासाने बाहेर येतं तेव्हा सगळंच निळं. मग पाण्यात घालून मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं आणि टिश्यू पेपरच्या गाठी मारून कडेला सोडायच्या, म्हणजे जादा रंग त्या शोषतात. ज्युनियर गाठी मारते आहे, मीही मारते. जीवरसायनशास्त्रात मला येणारं हे एकमेव काम.

एक वाजून गेल्यावर पाचव्या आणि सहाव्या लेनमध्ये एक बँड वर येतो. स्वच्छ, जाड, मार्करच्या पंचवीसच्या रेघेच्या जरासा वर.

"चेची!" ज्युनियर जवळजवळ ओरडते. सीनियर खुर्ची मागे सारून येतात. सत्तावीस. अगदी हवं तिथे. माझ्याही छातीत धडधडतं. या एका बँडसाठी हिची किती वर्षं गेली ते मी जवळून पाहिलंय.

मैत्रीण काही बोलत नाही. ती जेलची डबी दिव्याच्या पेटीवर ठेवते, पाणी बदलते, पुन्हा वाकते. आम्ही सगळे पाच आणि सहा पाहतोय. ती सातवर नजर लावून आहे. रंग हळूहळू उतरतो आणि सातव्या लेनमध्येही, त्याच उंचीवर, तेवढाच जाड बँड दिसू लागतो.

"स्लाय-डी," ती म्हणते. "ई. कोलायचं स्वतःचंच प्रथिन. त्यात हिस्टिडीन भरपूर, म्हणून निकेलला चिकटतं. जेलवर याच टापूत दिसतं. माझं नाही हे."

ज्युनियरचा चेहरा उतरतो. "ग्रुप मीटिंगला फक्त पाच-सहा दाखवले तर?" तिच्या मनात पाप नाही, तिला फक्त वाईट वाटतंय.

"सात होता म्हणून तर कळलं गं," मैत्रीण शांतपणे सांगते. "नाहीतर या स्लाय-डीवर मी वर्षभर प्रयोग करत बसले असते."

सातवी लेन भरलीच नसती, तर कोणी विचारलंही नसतं. आजच्या आज गाईडला आनंदाचा मेसेज गेला असता, आईच्या 'कधी होणार?'ला उत्तर मिळालं असतं. ती भरायला तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आता जे दिसलं ते वाचताना तिचा आवाजही हलला नाही. या संस्थेचा मोठेपणा लोक क्रमवारीच्या यादीत शोधतात. मला तो आता, रात्री सव्वा वाजता, दिव्याच्या पेटीवर वाकलेल्या या मुलीत दिसतोय, आणि मला तिचा विलक्षण अभिमान वाटतो.

ती पूर्ण जेलचा फोटो काढते, दहाही लेन. नोंदवहीत तारीख घालून पेनाने लिहिते: लेन ५, ६, ७ मध्ये एकच बँड, अपेक्षित प्रथिन नाही. फोटो तसाच गाईडला जातो. मग खुर्चीत बसून ती डोळे चोळते. डोळे लाल आहेत. सीनियर न बोलता तिच्यापुढे बिस्किटांचा पुडा सरकवतात.

"आता निकेल सोडायचं," बिस्किट चावत ती म्हणते. "माल्टोज-बंधक प्रथिनाला जोडून बघते. त्याने गुठळीही कमी होते आणि कॉलम अमायलोजचा, म्हणजे या स्लाय-डीची कटकट नाही."

"कधी?"

"प्रायमर आत्ताच मागवते. सकाळी ऑर्डर गेली तर दोन-तीन दिवस वाचतील." ती लॅपटॉप ओढते, वहीतलं पान माझ्यापुढे धरते. "तू वाच, मी टाइप करते. एकेक अक्षर."

मी वाचू लागते. "जी, जी, ए, टी, सी, सी..."

"थांब. शेवटचे दोन पुन्हा. सी, सी ना?"

"सी, सी."

"बरं. पुढे."