परागकणाचा स्वतंत्र कारभार

वनस्पतिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांनी परागकणावर एक जुना अन्याय करून ठेवला आहे. वारा नेईल तिकडे जाणारा, मधमाशीच्या पायाला चिकटणारा, स्वतःचे काही कर्तृत्व नसलेला एक निमूट जिन्नस, अशी जी त्याची प्रतिमा विद्यार्थ्यांच्या मनात रुजते, ती सूक्ष्मदर्शकाखाली घटकाभरही टिकत नाही. परागकण ही वनस्पतीच्या जीवनक्रमातली एक स्वतंत्र पिढीच होय; दोन किंवा तीन पेशी, मातृवनस्पतीच्या निम्मी गुणसूत्रे, आणि तेवढ्या भांडवलावर चाललेला स्वतःचा कारभार.

परागकोशात अर्धसूत्री विभाजन होऊन सूक्ष्मबीजाणू सुटे होतात, प्रत्येकात एक मोठी शाकीय पेशी व एक छोटी जननपेशी निर्माण होते, जननपेशीपासून दोन पुंयुग्मके होतात, आणि त्यांपैकी एक अंडपेशीशी व दुसरे मध्यपेशीशी मीलन पावते. हे द्विफलन नवाशिन यांनी 1898 साली दाखवून दिले. इतके सांगून हा पाठ मी आटोपता घेतो, कारण माझे मन केव्हाच कोइमतूरच्या भातशेतीत जाऊन पोचले आहे.

तेथे मद्रास सरकारच्या कृषी खात्यात भाताचे काम पाहणारे एफ. आर. पार्नेल यांनी 1921 साली एक चिमुकले टिपण प्रसिद्ध केले. आपल्या नेहमीच्या तांदळाच्या पिष्टात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात व आयोडीनचा थेंब पडताच ते निळेकाळे होते. आसामात बोरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिकट तांदळात मात्र अमायलोज जवळजवळ नसते, म्हणून तो तांबूस होतो. या दोन जातींच्या संकराच्या प्रत्येक पेशीत दोन्ही प्रकारचे जनुक नांदतात. परंतु त्याच संकराच्या परागकणांवर आयोडीन घातले, तर निम्मे कण निळे आणि निम्मे तांबूस दिसतात! मेंडेलचे विभाजन पाहण्यासाठी एरवी पुढची पिढी पेरून, वाढवून, तीनास एक हे गुणोत्तर मोजावे लागते. येथे ते एकाच फुलात, एका काचपट्टीवर, डोळ्यांपुढे उभे राहते. मातृवनस्पतीने पिष्ट तयार करून कणात नुसते भरले असते, तर सारे कण एकाच रंगाचे निघाले असते. ज्याअर्थी ते तसे निघत नाहीत, त्याअर्थी प्रत्येक कण आपल्या वाट्याला आलेल्या एकुलत्या जनुकाबरहुकूम पिष्ट बनवतो, हे उघड आहे. जनुकाची अभिव्यक्ती इतक्या स्वस्तात दाखवणारा दुसरा प्रयोग मला ठाऊक नाही.

हेच पार्नेल पुढे दक्षिण आफ्रिकेत कापसाच्या कामावर गेले आणि पानांवरच्या दाट लवेमुळे तुडतुड्यांना दाद न देणारे वाण त्यांनी निवडले. तुडतुड्यांनी गांजलेल्या विदर्भातल्या कास्तकाराला हे विषयांतर वाटणार नाही, अशी माझी समजूत आहे.

मक्याच्या परागातही तोच रंगभेद दिसला, आणि त्याच्या आधारे अमेरिकेतील ऑलिव्हर नेल्सन यांनी त्या जनुकाच्या पोटात शिरण्याची किमया केली. एकाच जनुकात निरनिराळ्या जागी बिघाड झालेल्या दोन वाणांचा त्यांनी संकर केला; त्याचे परागकण तांबूसच असावयाचे, परंतु हजारोंच्या गर्दीत क्वचित एखादा निळा कण निघे, म्हणजे दोन्ही बिघाडांच्या मध्ये तुटून-जुळून अखंड जनुक पुन्हा घडलेला असे. असल्या दुर्मीळ कणांची मोजदाद करून जनुकाच्या अंतर्भागाचा नकाशा काढता येतो.

जोसेफ मॅस्करेनहास यांचे ट्रॅडेस्कॅन्शिया या वनस्पतीवरील संशोधन याहून अधिक अद्भुत वाटते. त्या परागकणांत नवा संदेशवाहक आरएनए तयार होऊ नये अशी औषधी तजवीज केली, तरी कण रुजतो आणि परागनलिका वाढू लागते. कारण लागणारे हुकूम परागकोश फुटण्यापूर्वीच लिहून ठेवलेले असतात, आणि कुक्षीवर ओलावा मिळताच, मोहरबंद खलिता मुक्कामी पोचल्यावर फोडावा तसे, ते अंमलात येतात. ज्या कणाला काही मिनिटांत मार्गस्थ व्हावयाचे आहे, त्याला नव्याने दप्तर उघडून बसण्यास सवड कोठून असणार?

या दप्तराचा विस्तारही लहान नव्हे. टोमॅटोची विकरे तपासून टँक्स्ली, झमीर आणि रिक यांनी 1981 साली दाखवले, की त्यांचे सुमारे 60 टक्के जनुक झाडात आणि परागात दोन्हीकडे काम करतात. आणि 2004 साली होनिस व ट्वेल यांनी अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहान रोपात परागाच्या घडणीदरम्यान कार्यरत असलेले सुमारे 14,000 जनुक नोंदवले, त्यांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास केवळ परागाचे. जे जनुक झाडाला उपयोगी, त्यांपैकी पुष्कळांची पारख परागातच होऊन जाते, हा पीकसुधारकांच्या दृष्टीने यातला सर्वांत मोलाचा भाग आहे, असे माझे मत आहे.

आपल्या कृषी महाविद्यालयांना माझी एक विनंती आहे. एका वाफ्यात बोरा आणि शेजारी एखादे स्थानिक भात लावावे, एका खरिपात त्यांचा संकर करावा, पुढच्या खरिपात संकरित रोपाच्या लोंबीतले परागकोश फुटण्यापूर्वी काढून काचपट्टीवर चिरडावे आणि आयोडीनचा थेंब टाकून विद्यार्थ्यांना निळे-तांबूस कण स्वतः मोजू द्यावे.