आयर्नबॉर्न आणि व्हायकिंग : ‘किती जुळतं?’ एवढं विचारून रिसर्च का होत नाही

कल्पित साहित्यावर पीएच.डी. करायची म्हटली की पहिल्या प्रपोजलचं शीर्षक बहुतेक वेळा ठरलेलं असतं: ‘अमुक कादंबरीतील समाजाची संस्कृती व चालीरीती’. मग प्रकरणं पडतात: धर्म, विवाह, युद्ध, अंत्यसंस्कार. शेवटी एक तक्ता येतो, खऱ्या इतिहासाशी काय जुळतं आणि काय जुळत नाही याचा. हा तक्ता करायलाच हवा, पण तो म्हणजे कच्चा माल. त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा, ते आज एका उदाहरणावर बघू.

उदाहरण : आयर्नबॉर्न

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेत आयर्न आयलंड्स नावाची खडकाळ बेटं आहेत. तिथले लोक म्हणजे आयर्नबॉर्न. लांब जहाजं, किनाऱ्यांवर धाडी, पकडून आणलेले ‘थ्रॉल’ म्हणजे वेठीचे दास, आणि समुद्रातला ‘बुडालेला देव’. राजा निवडायला सगळे कप्तान जमतात, त्या सभेला किंग्जमूट म्हणतात. लुटून आणलेली वस्तू ‘लोखंडाचं मोल’ देऊन मिळवलेली, म्हणून मानाची. पैसे मोजून घेतलेली ‘सोन्याचं मोल’ देऊन, म्हणून पुरुषाला कमीपणाची. या सगळ्या जगण्याला ते ‘जुनी रीत’ म्हणतात.

वाचताक्षणी व्हायकिंग आठवतात. ‘थ्रॉल’ हा शब्दच मुळात जुन्या नॉर्स भाषेतला. सभा म्हटलं की स्कँडिनेव्हियातली ‘थिंग’ आठवते. आइसलंडची अल्थिंग ही सभा इ.स. ९३० च्या सुमारास सुरू झाली. तक्त्याचा ‘जुळतं’ हा रकाना पटकन भरतो. आता दुसऱ्या रकान्याकडे वळू, कारण खरा माल तिथे आहे.

लेखकाने काय गाळलं?

‘लेखक कुठे चुकला’ हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. कादंबरीकार इतिहास लिहीत नसतो. ‘काय गाळलं, आणि गाळल्यामुळे काय तयार झालं’ हे विचारा.

पहिली गाळलेली गोष्ट म्हणजे शेत. व्हायकिंग काळातले बहुसंख्य नॉर्स लोक शेतकरी होते. बार्ली पिकवायचे, गुरं-मेंढ्या पाळायचे. धाडीवर जाणारा माणूसही बऱ्याचदा परत येऊन शेतच बघायचा. याउलट आयर्नबॉर्नचं राजघराणं ग्रेजॉय, आणि ‘आम्ही पेरणी करत नाही’ हाच त्या घराण्याचा अभिमान. पण बेटांवर शेती होते, खाणीही चालतात. तिथे मुख्यतः थ्रॉल राबतात. म्हणजे न पेरणाऱ्याच्या ताटातलं धान्य दुसऱ्या कुणीतरी पेरलेलं असतं. ते ब्रीद या राबणाऱ्या हातांना झाकून टाकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तराजू. स्वीडनमधल्या बिर्का या व्यापारी गावाच्या कबरींमध्ये चांदी तोलायचे छोटे तराजू आणि वजनं सापडली आहेत. गॉटलंड बेटावर अरबी चांदीच्या नाण्यांचे मोठे साठे मिळाले. नॉर्स लोक लुटायचे तसेच विकायचेही, आणि त्या विक्रीत माणसंही होती. डब्लिन हा त्या काळी गुलामांचा मोठा बाजार होता. आयर्नबॉर्नच्या रीतीत मात्र व्यापाराला मान नाही. ‘अ क्लॅश ऑफ किंग्ज’मध्ये थिऑन घरी परततो, तेव्हा गळ्यातली सोन्याची साखळी विकत घेतलेली आहे हे कळताच त्याचा बाप बेलन ती हिसकून काढतो.

शेत आणि तराजू काढून घेतल्यावर उरतो तो फक्त धाडखोर. ही प्रतिमा कुणाच्या नजरेतून आली?

सांगणारा कोण?

७९३ मध्ये लिंडिस्फार्नच्या मठावर हल्ला झाला. त्याबद्दल आल्क्विनसारख्या ख्रिस्ती विद्वानांनी जी पत्रं लिहिली, त्यात हे लोक देवाचा कोप म्हणून येतात. पुढे ९२२ मध्ये बगदादहून निघालेल्या शिष्टमंडळातला इब्न फदलान व्होल्गाकाठी ‘रूस’ लोकांना भेटला. त्याला दिसले ते व्यापारी: कातडी आणि दासी विकायला आलेले. साक्षीदार दोघेही बाहेरचे, पण दोघांनी रंगवलेली चित्रं वेगळी. आइसलंडमधल्या सागा तर ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर दोनेकशे वर्षांनी लिहून झाल्या. त्यात एकोणिसाव्या शतकाची भर पडली. शिंगं असलेलं शिरस्त्राण लोकप्रिय केलं ते १८७६ मध्ये वॅग्नरच्या ऑपेरासाठी केलेल्या वेशभूषेने. व्हायकिंग योद्धे लढाईत तसलं काही घालत असल्याचा पुरावा नाही.

म्हणून आयर्नबॉर्नची तुलना थेट ‘व्हायकिंग इतिहासा’शी करू नका. मठातल्या लेखकाच्या प्रतिमेशी, सागांशी आणि एकोणिसाव्या शतकाच्या कल्पनेशी अशी तीन वेगवेगळ्या थरांशी करा.

‘जुनी रीत’ किती जुनी?

आता गंमत बघा. बेलनचा बाप क्वेलन याने थ्रॉलना मुक्त केलं होतं, मुख्य भूमीवरून विद्वान आणले होते. म्हणजे बेलनची ‘जुनी रीत’ अखंड चालत आलेली नाही, त्याने ती पुन्हा उभी केली आहे, आणि स्वतःच्या राजकारणासाठी. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेल्या १९८३ च्या पुस्तकातली ‘परंपरेची निर्मिती’ ही संकल्पना इथे चपखल बसते. ‘अ फीस्ट फॉर क्रोज’मधल्या किंग्जमूटमध्ये बेलनची मुलगी आशा जमीन आणि शांतता देऊ करते, पण निवडून येतो ड्रॅगनांचं आणि साम्राज्याचं स्वप्न दाखवणारा युरॉन. पुस्तकांत रमणारा रॉड्रिक हार्लो मात्र जुन्या वैभवाच्या या ओढीला भुलत नाही. आयर्नबॉर्नची एकच एक संस्कृती नाही. ती काय होती यावर त्यांचंच आपसात भांडण आहे. चालीरीतींची यादी केली की नेमकं हे भांडण गायब होतं.

प्रपोजलमध्ये काय लिहाल?

कोणतीही एक चाल घ्या आणि तिला चार प्रश्न विचारा:

१. ही चाल कोण सांगतंय, आतला की बाहेरचा?
२. ती ‘परंपरा’ आहे असं म्हटल्याने कुणाचा फायदा होतो?
३. ती टिकवायला कुणाचे हात राबतात, आणि त्यांना बोलायला किती जागा मिळते?
४. इतिहासाच्या कुठल्या थरातून ती उचलली, आणि उचलताना काय गळलं?

मग ‘आयर्नबॉर्नची संस्कृती : एक अभ्यास’ याऐवजी शीर्षक असं होईल: ‘आयर्नबॉर्नच्या “जुन्या रीती”त थ्रॉलच्या श्रमाची अदृश्यता’. विषय लहान झाला, पण आता त्यात मांडायला आणि खोडायला काहीतरी आहे. गाईडने ‘यात तुझं म्हणणं काय?’ विचारलं, तर उत्तर शीर्षकातच सापडेल.