चित्रकलेतली एम.ए. : बडोद्याचा प्रयोग

चित्र-शिल्पाचे शिक्षण विद्यापीठात आणून त्याला बी.ए. आणि एम.ए.चा दर्जा देण्याचा प्रयोग भारतात रुजला तो बडोद्यात. त्याआधी मराठी मुलाला चित्रकार व्हायचे तर वाट ठरलेली होती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घालायचे, अ‍ॅकॅडेमिक ड्रॉइंग घोटायचे आणि जी.डी. आर्ट ही पदविका घेऊन बाहेर पडायचे. १८५७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था हात घडवण्यात वाकबगार होती, पण ती सरकारी खात्याच्या कारभारात चाले आणि तिची पदविका विद्यापीठाच्या पदवीच्या पंगतीत बसत नसे. जे. जे. मुंबई विद्यापीठाशी जोडले जायला १९८१ साल उजाडले. शांतिनिकेतनच्या कलाभवनात वातावरण मोकळे होते, पण मिळायची तिथेही पदविकाच.

बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले. हंसा मेहता कुलगुरू होत्या, आणि ललित कला शाखा हे त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत धाडसी काम म्हणायला हरकत नाही. बडोद्यासारख्या शहरात हे जमले त्याला कारण होते. सयाजीरावांनी १८९० मध्येच तिथे कलाभवन काढले होते, आणि दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. पण कलाभवनाचा रोख उद्योगधंद्यांकडे होता. नव्या शाखेला कारागीर तयार करायचे नव्हते. चित्र काढणाऱ्याने चित्राचा विचारही करावा, आणि त्या विचाराची परीक्षा व्हावी, ही अपेक्षा अभ्यासक्रमातच घातली गेली. कलेचा इतिहास आणि समीक्षा यांचा स्वतंत्र विभाग स्टुडिओंच्या शेजारी उभा राहिला. त्या काळातल्या इतर कलाशाळांत हा विषय पाठांतराचा असे, बडोद्यात तो पदवीचा विषय झाला.

पहिले अधिष्ठाता मार्कंड भट्ट. शिल्पविभाग शांतिनिकेतनहून आलेल्या शंखो चौधरींकडे, तर चित्रविभाग ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे गेला. बेंद्रे इंदूरचे, तिथले कलाशिक्षक देवळालीकर यांच्या तालमीत तयार झालेले. निसर्गचित्रात त्यांचा हात पक्का होता. तरी बडोद्यात त्यांनी घनवादाशी उघड झटापट केली. १९५५ चे त्यांचे ‘काटा’ हे चित्र त्यातलेच. मास्तर स्वतःच चाचपडतो आहे, हे पाहत शिकणे विद्यार्थ्यांना नवे होते. १९५६ मध्ये ‘बडोदा ग्रुप’ हा चित्रकारांचा गट उभा राहिला तो याच मोकळिकीतून. पुढे के. जी. सुब्रह्मण्यन यांनी लोककला, खेळणी, विणकाम आणि भित्तिचित्र यांना स्टुडिओत मानाची जागा दिली. १९६१ पासूनच्या ‘फाइन आर्ट्स फेअर’मध्ये विद्यार्थी-शिक्षकांनी केलेली खेळणी लोक विकत नेत.

या घडणीचा खरा पुरावा तिथून बाहेर पडलेल्या माणसांत दिसतो. गुलाममोहम्मद शेख चित्रकार, कवी आणि कलेतिहासाचे शिक्षकही. ज्योती भट्ट मुद्राचित्रकार (प्रिंटमेकर); १९६७ पासून कॅमेरा घेऊन गुजरातची लोककला टिपत फिरले आणि त्या छायाचित्रांचा एक मोठा संग्रहच झाला. भूपेन खख्खर तर मुंबईचे चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये ते बडोद्याला आले ते कलासमीक्षेच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी. चित्रकलेची पदवी त्यांनी कधी घेतली नाही, तरी त्यांच्यासारखा चित्रकार त्या पिढीत विरळा. समीक्षेच्या वर्गातून चित्रकार निघतो, यापेक्षा त्या रचनेला मोठी पावती कोणती? १९७२ पासून नसरीन मोहमदी तिथे शिकवू लागल्या. रेघेखेरीज फारसे काही न वापरणाऱ्या या चित्रकर्तीने शिष्यांवर स्वतःची शैली लादली नाही, हे त्या शिष्यांची वेगवेगळी कामे पाहिली की कळते.

तिथली एम.ए., म्हणजे आजची एम.व्ही.ए., दोन वर्षांची आहे. पदवीच्या वर्षांत असतो तसा ठरावीक अभ्यास, स्थिरचित्र किंवा मॉडेल यांचा धाक इथे कमी होतो. विद्यार्थ्याने स्वतःचा विषय शोधायचा असतो, आणि बहुतेकांची गाडी नेमकी तिथेच अडते. तंत्राची शिस्त मात्र सुटत नाही. मुद्राचित्र विभागातली लिथोग्राफी पाहा. चुनखडीच्या जाड शिळेवर चरबीयुक्त शाईने रेखाटायचे, डिंक आणि नायट्रिक आम्लाचे सौम्य मिश्रण फिरवायचे, मग ओल्या शिळेवरून शाईचा रोलर. रेखाटलेला भाग शाई धरतो, ओला भाग झटकतो. ठरलेल्या प्रती निघाल्या की कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकून शिळा घासायची, म्हणजे जुने चित्र पुसून ती पुढच्यासाठी मोकळी. तासन्‌तास चालणारे हे घासकाम विद्यार्थ्याच्याच वाट्याला येते.

वर्षाखेरीस डिस्प्ले. स्टुडिओतला पसारा हलवायचा, भिंती पांढऱ्या करायच्या, कामे मांडायची आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर आपल्या कामाविषयी बोलायचे. बोलता न येणाऱ्या चांगल्या चित्रकारावर ही पद्धत अन्याय करते, असा आक्षेप आहे आणि तो अगदीच खोटा नाही. मे २००७ मध्ये असाच एक परीक्षेचा डिस्प्ले देशभर गाजला. चित्रांनी भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थ्याला अटक झाली. त्याच्या बाजूने उभे राहिलेले प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. परीक्षेसाठी मांडलेले काम हा सार्वजनिक देखावा मानायचा की शाखेच्या आतला व्यवहार, या वादात कलाशिक्षणाची बाजू लंगडीच पडली.

पदवीनंतरचा प्रश्न रोकडा आहे. महाविद्यालयात शिकवायचे तर बहुधा नेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागते. त्यात दृश्यकला हा वेगळा विषय आहे. चित्रकाराला एखादी खोली पुरते, मुद्राचित्रकाराला मात्र प्रेस लागतो, आम्लाची टाकी लागते, आणि हे सगळे एकट्याच्या आवाक्यातले नसते. त्यातूनच १९९९ मध्ये बडोद्यात ‘छाप’ ही सामायिक कार्यशाळा उभी राहिली. विद्यापीठातून बाहेर पडलेल्यांना प्रेस तिथे वापरायला मिळतो.