हेंड्रिक्सनच्या दिवसांत

सकाळी ६. आधी पाण्यात थर्मामीटर, मग चहा. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात, रोस्को गावाशी विलोवेमॉक नदी बीव्हरकिलला मिळते. एप्रिलअखेरीस सकाळी इथलं पाणी चांगलंच गार असतं. दुपारपर्यंत ते १० अंश सेल्सिअसच्या आसपास आलं, की हेंड्रिक्सन नावाचे मेफ्लाय किडे तळातून वर येऊ लागतात. आज ऊन पडेलसं दिसतंय. म्हणजे ट्राउट पकडायला मी गळावर बांधतो त्या नकली माश्यांत गिऱ्हाईक हेंड्रिक्सनच मागणार.

७. पिसं निवडायची. कोंबड्याच्या मानेचं पीस वाकवून गळाशेजारी धरायचं. त्याचे तंतू गळाच्या दांड्यापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या दीडपट भरले, तरच ते घ्यायचं. तंतू ताठच हवेत, कारण पाण्यावर माशी त्यांच्याच आधाराने उभी राहते. हवा असलेला निळसर करडा रंग सहज मिळत नाही. इथले जुने माशी बांधणारे हॅरी डार्बी यांनी त्यासाठी कोंबडेच पाळले होते.

८ ते ११. बांधणी. १४ नंबरचा गळ व्हाइसमध्ये पकडला, दोऱ्याचे चार वेढे दिले. पहिले पंख. वुडडक बदकाच्या कुशीचं लिंबूटपिवळं पीस, त्यातले तंतू एकत्र जुळवून टोकं पुढे करून बांधायचे, मग मुळाशी वेढे देऊन उभे करायचे. आता त्यांचे दोन सारखे भाग करून मधून दोरा इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा. इथे ताण जरा जास्त झाला की पंख फिरतो आणि माशी हवेत गिरक्या घेत नायलॉनला पीळ घालते. पंख तिरका बसला तर मी सरळ ब्लेड लावतो. शेपटीला करडे तंतू. अंगासाठी कोल्हीच्या पोटाची गुलाबट लव, मेण लावलेल्या दोऱ्यावर अगदी विरळ पिळलेली. दोरा जेमतेम झाकला की पुरे. शेवटी दोन पिसं पंखांच्या मागेपुढे गुंडाळायची, गाठ मारायची आणि वार्निशचा एक थेंब. गळाच्या डोळ्यामागे थोडी जागा मोकळी सोडायची ही इथली पद्धत, आणि ती मला फार प्रिय आहे.

या विरळपणामागे पाण्याचं कारण आहे. फ्रेडरिक हालफर्डनी १८९० मध्ये इथल्या थिओडोर गॉर्डन या मासेमाराला इंग्लंडहून तरंगत्या माश्यांचे नमुने पाठवले. ते तिथल्या संथ नद्यांसाठी होते. इथलं पाणी खळाळतं, म्हणून गॉर्डननी कमी सामान आणि ताठ पिसं वापरली. त्यांचे शिष्य रॉय स्टीनरॉड यांनी १९१६ मध्ये ही माशी बांधली आणि ए. ई. हेंड्रिक्सन या मित्राचं नाव तिला दिलं.

१२. माल दुकानात. सँडविच.

दुपारी २. संगमावर. किडे निघाले! पंख वाळेपर्यंत ते प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि ट्राउट तेवढ्यात त्यांना टिपतो. वाटीभर पाण्यात एक जिवंत किडा आणि शेजारी माझी माशी सोडून पाहिली. उंची जुळते. पण आज नर बरेच दिसताहेत, त्यांचं अंग तांबूस. त्यांच्यासाठी आर्ट फ्लिक यांची रेड क्विल ही माशी हवी.

संध्याकाळी ७. रेड क्विलच्या अंगासाठी तांबड्या कोंबड्याच्या पिसांचे तंतू सोलून नुसत्या काड्या पाण्यात घातल्या. रात्रभर भिजल्या की गुंडाळताना चिरत नाहीत.