पाहुण्याच्या कमरेचं पिस्तूल

भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात साखरपुडा असो की फार्महाउसवरचं जेवण, एखाद्या पाहुण्याच्या शर्टाखाली कमरेशी फुगवटा दिसला तर फारसं कोणी दचकत नाही. जमिनीचे व्यवहार, ठेकेदारी, राजकारण, त्यातून आलेली भीती किंवा नुसती मिरवण्याची हौस. कारण काहीही असो, यजमान बहुधा गप्प बसतो. दारात आलेल्या माणसाला ‘ते घेऊन आत येऊ नका’ म्हणायचं तरी कसं? पण हा प्रश्न मानपानाच्या आधी कायद्याचा आहे. आणि सगळ्यात अडचणीची गोष्ट अशी, की यजमानाला जो मार्ग शहाणपणाचा वाटतो, नेमका तोच चुकीचा निघतो.

सोप्या भागापासून सुरुवात करू. शस्त्र परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा नाही. घर तुमचं, तेव्हा नको म्हणायचा अधिकारही तुमचा, आणि त्याला कारण द्यावं लागत नाही. नको म्हटल्यावरही कोणी धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूनं आत ठाण मांडून बसला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली तो गृहअतिक्रमणाचा विषय होतो. तिथवर सहसा वेळ येत नाही. ‘घरात लेकरं आहेत, दादा, ते नको’ एवढ्यावर बहुतेक लोक समजून घेतात.

आता कागद. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलिस आयुक्तालय सुरू झालं आणि चाकणही त्यात आलं. आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलिस आयुक्त देतात. राजगुरुनगरसारख्या ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत तो जिल्हाधिकारी देतात. म्हणून एकाच खेड तालुक्यातल्या दोन भावांचे परवाने दोन वेगळ्या कार्यालयांचे असू शकतात, त्यात काही वावगं नाही. परवान्यावर फोटो, शस्त्राचा प्रकार व क्रमांक, मुदत, युनिक ओळख क्रमांक आणि तो कोणत्या क्षेत्रात चालतो, हे सगळं असतं. शेवटची नोंद महत्त्वाची. उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेल्या पाहुण्याचा, किंवा पाहुण्यासोबतच्या अंगरक्षकाचा परवाना महाराष्ट्रात लागू असेलच असं नाही. निवडणुकीच्या काळात तर परवाना असलेली शस्त्रंही पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. त्या दिवसांत कोणाच्या कमरेला पिस्तूल दिसलं, तर एक प्रश्न विचारायला हरकत नाही.

समजा, कागद चोख आहेत. पाहुणा समजूतदार आहे आणि स्वतःहून म्हणतो, ‘बरं, तुमच्याकडे ठेवा, जाताना घेतो.’ यजमान खूश होऊन ते पिस्तूल बेडरूमच्या कपाटात ठेवतो, कुलूप लावतो. घोळ इथेच होतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ३ सांगतं, की परवाना नसलेल्या माणसानं बंदूक-पिस्तूल जवळ बाळगायचं नाही. सवलत आहे ती अगदी अरुंद: परवानाधारक समोर असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, आणि तेही दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण किंवा त्या धारकाच्या वापरासाठी ते वाहून नेता येतं. कोणाच्या पाहुणचारासाठी सांभाळून ठेवणं त्यात बसत नाही. देणाराही सुटत नाही. समोरच्याला शस्त्र ठेवण्याचा हक्क आहे की नाही याची खात्री न करता ते त्याच्या ताब्यात देणं हा कलम २९ खाली गुन्हा आहे.

हे काटेकोरपणाचं खूळ वाटत असेल तर ८ फेब्रुवारी २०२४ ची घटना आठवावी. मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर हे मॉरिस नोरोन्हाच्या कार्यालयात बोलावण्यावरून गेले, दोघं फेसबुक लाइव्हवर शेजारी बसून बोलले, आणि मग नोरोन्हानं त्यांच्यावर गोळ्या झाडून स्वतःलाही संपवलं. पिस्तूल नोरोन्हाचं नव्हतं. ते त्याच्या अंगरक्षकाचं होतं, परवाना अंगरक्षकाच्या नावावर होता, आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते नोरोन्हाच्या कार्यालयातल्या लॉकरमध्ये ठेवलेलं असायचं. त्या अंगरक्षकाला शस्त्र अधिनियमाखाली अटक झाली. कागदावर धारक एक आणि किल्ली दुसऱ्याकडे, हीच ती फट.

मग गाडीत ठेवायला सांगावं का? तेही नको. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा लॉन्सबाहेरच्या मोकळ्या रानात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमधलं पिस्तूल कोणाच्याच ताब्यात नसतं. काच फोडली की गेलं. राहतात दोनच मार्ग. पाहुण्यानं ते स्वतःच्या घरी कुलपात ठेवून यावं, नाही तर आत येताना ते त्याच्याच अंगावर, म्यानात, झाकलेलं आणि रिकामं असावं. मला विचाराल तर पहिलाच. जेवणाबरोबर दारू असेल किंवा घरात पोरं खेळत असतील, तर दुसऱ्या मार्गाचा विचारही करू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक जागी पिस्तूल झाकून, म्यानात नेण्याचं बंधन घातलंय. रस्त्यावर जे पाळायचं, ते दिवाणखान्यात सोडून द्यायला कारण नाही.

‘रिकामं’ म्हणजे काय हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक अपघात त्या शब्दावरच्या भरवशानं होतात. सेल्फ-लोडिंग पिस्तुलाचं मॅगझिन काढलं की ते रिकामं झालं असं पुष्कळांना वाटतं. एक काडतूस नळीच्या मागच्या कप्प्यात, चेंबरमध्ये, बसलेलं असू शकतं. मॅगझिन हातात असतानाही अनेक पिस्तुलांचा घोडा दाबला की ते सुटतं. म्हणून क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, बोट घोड्यापासून लांब, आधी मॅगझिन बाहेर, मग वरची स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचा. हे पाहुण्यानं स्वतः, बाहेर, माणसांपासून दूर करायचं. यजमानानं ‘बघू जरा’ म्हणून हात पुढे करू नये. पाहुण्यानंही ते कोणाला बघायला देऊ नये, मेव्हण्यालासुद्धा.

लग्नातल्या गोळीबाराबद्दल फार लिहायला नको. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम २५ मध्ये आनंदाच्या भरात केलेला गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा झाला. इतरांचा जीव धोक्यात येईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परवाना जातो तो वेगळाच. हवेत सोडलेली गोळी खाली येते, हे वरातीत नाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. वाढदिवसाला तलवारीनं केक कापून रील टाकणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळींना पोलिस ठाण्याची वाट याच अधिनियमानं दाखवली आहे.

खरा धोका बंगल्यांत नाही, खोल्यांत आहे. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडीत चार-सहा कामगार एका खोलीत भाडं वाटून राहतात. त्यातल्या एकाचा चुलतभाऊ दोन दिवसांसाठी येतो, आणि त्याच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला गावठी कट्टा असतो. परवान्याचा तर प्रश्नच नाही. इथे कलम ३५ लागू होतं: जागा अनेकांच्या एकत्र ताब्यात असेल आणि तिथे बेकायदा शस्त्र सापडलं, तर ज्यांना ते तिथे आहे हे माहीत होतं असं मानायला जागा आहे, त्या प्रत्येकाला ते एकट्याचंच असल्यासारखं जबाबदार धरता येतं. उलट सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. विनापरवाना पिस्तुलासाठी किमान शिक्षा आता दोन वर्षं आहे आणि कमाल पाच. ‘माझं नाही, पाहुण्याचं आहे’ हे वाक्य खरं असलं तरी, माहीत असून गप्प बसल्यावर ते तोकडं पडतं.

ते किती तोकडं पडतं याचं महाराष्ट्रातलं गाजलेलं उदाहरण संजय दत्तचं. जानेवारी १९९३ मध्ये शस्त्रं दुसऱ्यांनीच त्याच्या घरी आणून पोचवली होती. त्यातली एक एके-५६ त्यानं ठेवून घेतली. दहशतवादाच्या आरोपातून तो सुटला, शस्त्र अधिनियमातून नाही. २१ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो दोषी असल्याचा निकाल कायम ठेवला, शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली आणि येरवड्यातून तो फेब्रुवारी २०१६ मध्ये बाहेर आला.

म्हणून खोलीत कट्टा दिसला तर हात न लावता बाहेर पडायचं आणि ११२ वर फोन करायचा. कलम ३६ नुसार या अधिनियमाखालचा गुन्हा माहीत झाला, की वाजवी कारण नसेल तर जवळच्या पोलिस ठाण्याला कळवणं हे कर्तव्यच आहे. रूममेटशी वाकडं येईल ही भीती खरी आहे, पण पंचनाम्यात नाव येण्यापेक्षा ती परवडते. खोलीमालकानंही भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे देऊन ठेवावी आणि ‘पाहुणा’ म्हणून महिनाभर राहणाऱ्यांकडे डोळा ठेवावा.

बालेवाडीच्या रेंजवर सरावाला येणारी भाची एअर पिस्तुलाची पेटी घेऊन मुक्कामाला आली, तर घाबरायचं कारण नाही. तिचं साडेचार मिलिमीटरचं स्पर्धेचं हत्यार या परवान्याच्या कक्षेत येत नाही. पेटी बंद आणि लहान भावंडांच्या हाताबाहेर असली की झालं.

राहता राहिली विसरलेल्या पिस्तुलाची गोष्ट. रात्री उशिरा पंगत उठते आणि सकाळी सोफ्याच्या उशीमागे म्यानासकट पिस्तूल सापडतं. उचलू नका, खोलीला कुलूप घाला, पाहुण्याला फोन करा आणि परवाना घेऊन त्यानं स्वतः यावं असं सांगा. तासाभरात ड्रायव्हर दारात उभा राहील, ‘साहेबांनी पाठवलंय, द्या’ म्हणेल. द्यायचं नाही, लेखी अधिकारपत्राशिवाय ते त्याच्या हातात ठेवलंत, तर कलम २९ तुमच्याकडे वळतं. पाहुण्याचा फोन लागतच नसेल तर दुपारपर्यंत वाट पाहत बसू नका. पोलिस ठाण्याला कळवा, त्यांनाच घरी येऊन ते ताब्यात घेऊ द्या, आणि स्टेशन डायरीतल्या नोंदीचा क्रमांक व वेळ लिहून ठेवा.